जोडी फोडायची नाही

माणसं म्हातारी होतात. आमचे मामेसासरे म्हातारपणावर चालून गेले. लष्करातून सुभेदार होऊन घरी परतलेला हा माणूस, माझ्या बायकोचा सख्खा मामा, साठीला टेकला तरी विहिरीत सूर मारत होता, वैरणीचा भारा एका हिसक्यात डोक्यावर घेत होता, आणि तरी उठता-बसता त्याच्या मनात एकच विचार: आपण अंथरुणाला खिळलो तर? बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरलेला. फलटणजवळच्या त्यांच्या गावात माणसं पाटाच्या पाण्यावर, उसाच्या भावावर, कारखान्याच्या निवडणुकीवर बोलत. मामा म्हातारपणावर बोलत. "आवं जावईबापू," ते मला म्हणत, "दुस्मन कवा येनार ह्ये ठावं नसतंय, पर येनार ह्ये ठावं असतंय. मग खंदक कवा खनायचा? त्यो आल्यावर?" मी साताऱ्याला वकिली करायचो. माझ्याकडे खंदक खणायला येणारी माणसं शत्रू घरात शिरून पाटावर जेवायला बसल्यावर यायची. त्यामुळे मला मामांचं फार कौतुक वाटायचं. पहिल्या दोन भेटींपुरतं.

त्यांची चौकशीची रीतच जगावेगळी. लग्नाच्या पंगतीत बसले की शेजारच्याला पीकपाणी विचारणार नाहीत. "तुमचं म्हातारं कुनाकडं असतंय? अंथरून कुठं घालता त्येचं?" असं विचारणार. घास त्या माणसाच्या घशात अडकायचा. एकदा भावकीतल्या एका मुलासाठी मुलगी बघायला गेलो होतो. आम्ही सगळे शहाण्यासारखे सोप्यात बसून पोहे खातोय, मुलगी खाली मान घालून बसलीय, आणि मामा गायब! शोधत गेलो तर परसदारच्या खोलीत मुलीच्या आजीच्या उशाशी उकिडवे बसून तिची घोंगडी हुंगतायत. "ऊन दावल्यालं हाय घोंगडीला," बाहेर येऊन त्यांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं, "स्थळ पास." मुलीचं शिक्षण, रंग, पत्रिका, कशाची म्हणून विचारपूस नाही. आता खोटं कशाला बोला, त्या मुलीनं पुढे त्या घराचं सोनं केलं.

ह्या खुळाला कारण होतं. मामांच्या भावकीत एक वाटणी झाली होती. शेत वाटलं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटल्या, तांब्या-पितळेची भांडी वाटली आणि शेवटी आई-बाप उरले. तर पंचांनी सगळ्यांच्या संमतीनं म्हातारा थोरल्याकडे दिला आणि म्हातारी धाकट्याकडे. आमच्या भागात ही रीतच पडलेली, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. घरात मधोमध भिंत घातली गेली. मामा तेव्हा रजेवर आलेले. त्यांनी काय पाहिलं, तर म्हातारा भिंतीवरून हात लांब करून म्हातारीला गुळाचा खडा देतोय आणि दोघंही चोरासारखी इकडेतिकडे बघतायत. लढाईतल्या गोष्टी सांगताना ह्या माणसाचा आवाज कधी हलला नाही. ही सांगताना दर खेपेला हलायचा. "बाजारात बैलाची जोडी इकाय काडली तर चारचौघं म्हंत्यात, गड्या, जोडी फोडू नगं, बैल झुरत्यात. आन् आय-बापाची फोडली तवा एक माईचा लाल बोलला न्हाई बगा!" तेव्हापासून मामांनी मनाशी गाठ मारली होती. काय व्हायचं ते होवो, पण म्हातारपणी आपली आणि मामीची जोडी फुटू द्यायची नाही. बाकी सगळा खटाटोप त्यासाठी होता.

मामींना मात्र ह्या खटाटोपाचा मनस्वी तिटकारा. एकदा मामा मिरजेहून पांढरंशुभ्र, निळ्या काठाचं बेडपॅन घेऊन आले. "आत्ता कशापायी?" मामींनी विचारलं. "फुडं म्हाग हुतंय," मामा म्हणाले. मामींनी ते दोन बोटांनी उचललं, परसात नेलं, त्यात माती भरली आणि कोथिंबीर पेरली. आणि कोथिंबीर अशी तरारून आली म्हणता! मला ही हकिकत कळली ती त्यांच्याकडची आमटी दोन वाट्या ओरपून झाल्यावर. "नवंकोरं हुतं ओ जावईबापू," मामी तोंडाला पदर लावून हसत म्हणाल्या, "ह्यांनी आजून वापारल्यालं न्हाई." मग मामांकडे वळून, "जित्तं हाईत तवर सोताची तिरडी बांधाय निघाल्यात. उद्या मडकंबी आनून ठेवत्याल!" मामा गप्प बसले. म्हणजे मडक्याचा विचार त्यांच्या मनात येऊन गेलेला असावा.

पुढे तालमी सुरू झाल्या. मामा-मामी राहायची थोरल्या मुलाकडे, गावातच. एका सकाळी मामांनी फर्मान काढलं की आजपासून आठवडाभर आपल्या अंगावरून वारं गेलेलं आहे, डावी बाजू लुळी पडलेली आहे, घरच्यांनी त्या हिशेबानं वागावं. आणि खरंच पडून राहिले! थोरली सून बिचारी सोशीक. भाकरी कुस्करून देई, पाठीला तेल लावी. आठवड्याच्या मध्यावर कुणीतरी ओरडलं, म्हैस शिरली उसात! वारं गेलेला रोगी टुणकन उठला, काठी घेऊन बांधापर्यंत पळत गेला, म्हैस हाकलली, म्हशीच्या मालकाशी घसा बसेपर्यंत भांडला, परत येऊन पाय धुतले आणि पुन्हा डाव्या कुशीवर आडवा होऊन म्हणाला, "हां, फुडं चालू." सून म्हणाली, "आवं मामंजी, वारं गेल्यालं मानूस म्हशीम्हागं पळतंय व्हय?" "मधी रजा हुती," मामा म्हणाले. सांगलीला धाकट्या मुलाच्या घरी तर त्यांनी मोतीबिंदूची तालीम केली. डोळ्यांवर फेट्याचा शेव बांधून जिना उतरायला निघाले आणि खालच्या मालकीणबाईंच्या दुधाच्या पातेल्यात पाय घालून थांबले. धाकटा सरकारी कचेरीतला कारकून, दोन खोल्यांत भाड्यानं राहणारा. त्याला पुढे कितीतरी दिवस मालकीणबाईंची मनधरणी करावी लागली.

अखेर कागद करायला मामा साताऱ्याला माझ्या कचेरीत येऊन बसले, शेजारी मामी. वडिलोपार्जित जमिनीत मुलांचा हक्क जन्मापासूनचा, तिथे फारसं काही चालत नव्हतं. पण लष्करातल्या कमाईतून मामांनी स्वतः घेतलेला मळा होता, तो त्यांच्या मर्जीचा. मी म्हटलं, मृत्युपत्र करा, मनात येईल तेव्हा बदलता येतं. बक्षीसपत्रानं एकदा दिलेलं सहजासहजी माघारी घेता येत नाही. मामांनी डोळे मिटून विचार केला. "मृत्युपत्र केलं तर पोरं माझ्या मरनाची वाट बघत्याल. बक्षीसपत्र केलं तर मी सोताच बघत बसंन." आता बोला! मी म्हटलं, नव्या कायद्यानं आई-बापांना कोर्टातून मुलांकडे पोटगीसुद्धा मागता येते. "कोर्टातनं आनल्याली भाकरी घशाखाली उतरत्ये व्हय? तुमी तरी खाशीला?" मग मी मधला रस्ता काढला. मळा मुलांच्या नावे, पण दोघांच्या हयातीपर्यंत उत्पन्न ह्या दोघांचं, आणि सांभाळ केला नाही तर बक्षीस रद्द. मामा खूश झाले आणि कलमं सांगायला लागले. कोंबडं आरवायच्या आत गुळाचा चहा. दात पडल्यावर भाकरी दुधात कुस्करून. एक उशी डोक्याखाली, एक गुडघ्याखाली. रेडिओची खुंटी लिहून देणाराच्या हाताशी. "गप पडा" असं कुणी म्हणायचं नाही. आणि शेवटचं कलम: जोडी फोडायची नाही. "मामा, असलं कलम कायद्यात बसत नाही हो," मी काकुळतीला येऊन म्हणालो. "बसवा. पल्टनीत सम्दं बसवत्यात." बसवलं बापडं. मग मी विचारलं, मामी आजारी पडल्या तर काय लिहू? "ती?" मामा हसायलाच लागले. "आवं, मी तिच्यापरास धा वर्सानं म्होरं. आन् तिला पडाय येळ तर घावला पायजे!" मामी म्हणाल्या, "लगीन लागलं तवाबी येवढा कागुद न्हवता झाला."

आणि काय सांगावं, दीड-दोन वर्षांत वारं गेलं ते मामींच्या अंगावरून. पहाटे चुलीपुढे बसल्या जागी कलंडल्या. डावी बाजू लुळी, तोंड वाकडं, वाचा गेलेली. मी बायकोला घेऊन पोचलो तेव्हा धाकटा सांगलीहून आला होता, दारात कुणाची तरी जीप उभी होती. पोरं वाईट नव्हती हो. वाईट असती तर माझ्यासारख्याचं काम सोपं होतं. धाकटा म्हणाला, "दाजी, आईला मी सांगलीला न्हेतो. मिरजेचे डॉक्टर हाताशी आहेत. आबांनी इथंच राहावं. ऊसतोड तोंडावर आलीय, दादा एकटा कुठं कुठं बघंल? आणि माझ्या खोलीत दोन खाटा मावायच्या नाहीत." थोरला मान डोलवत होता. बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. असल्या बिनचूक बोलण्यानंच जोड्या फुटतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मला वाटलं, आता मामा ट्रंक उघडणार, कागद काढणार आणि घर डोक्यावर घेणार. बायको माझ्या कोपराला चिमटे काढत होती, "अहो, तुम्ही तरी बोला." पण मामा उठलेच नाहीत. मामींच्या पायथ्याशी बसून त्यांचं लुळं पाऊल चोळत खाली बघूनच म्हणाले, "न्हे बाबा. डाक्टर म्हत्त्वाचा. मी काय, ऱ्हाईन हितं." एवढी वर्षं खंदक खणणारा माणूस, पहिल्या गोळीला शरण गेला. मुलांनी मामींना उचललं. तेवढ्यात मामींचा धड हात पुढे आला आणि त्यांनी मामांच्या धोतराचा सोगा पकडला. धाकट्यानं बोटं सोडवायला बघितलं, सुटेनात. ओठ थरथरत होते, लाळ गळत होती, आणि ज्या बाईनं जन्मभर ह्या खुळाची टिंगल केली तिनं एकच शब्द कसाबसा ओढून बाहेर काढला. "ज्वाडी."

मामा उभे राहिले. "माझी वळकटी टाका गाडीत," ते थोरल्याला म्हणाले. मग परसात गेले, बेडपॅनमधली कोथिंबीर मुळासकट उपटली, माती झाडली, राखेनं घासून ते लखलखीत केलं आणि मांडीवर घेऊन जीपमध्ये मामींच्या शेजारी बसले. दोन खाटा मावायच्या नव्हत्या ना? सांगलीला त्यांनी खाट घेतलीच नाही. मामींच्या खाटेला लागून जमिनीवर अंथरूण घातलं.

कागदातलं एकूण एक कलम तिथे पाळलं गेलं, फक्त उलट्या बाजूनं. कोंबडं आरवायच्या आत उठून मामा गुळाचा चहा करायचे. भाकरी कुस्करायचे. रेडिओची खुंटी मामींच्या धड हाताशी असायची. धाकटी सून पुढे झाली, "मामंजी, मी करते की," तर म्हणायचे, "तू कवा पडून बघितलंयस? मी बघितलंय. कुठं रुततंय त्ये मला ठावं हाय." आणि गुडघ्याखालची उशी अशी नेमकी सरकवायचे की मामी डोळे मिटून सुस्कारा सोडायच्या. हळूहळू मामींची वाचा थोडी सुटली. मामा फारच फुशारकी मारायला लागले की त्या वाकड्या तोंडानं एवढंच म्हणायच्या, "म्ह... म्हस." मग दोघं खोकला लागेपर्यंत हसायची. मी ते पाहिलं आणि गॅलरीत जाऊन डोळे पुसले. त्यात लाज कसली?

मामी दोन-अडीच वर्षांनी गेल्या. मामा वळकटी घेऊन गावी परतले. पुढे मी गेलो तेव्हा थोरल्या सुनेनं मला ओसरीवरच गाठलं. "दाजी, मामंजींना कायतरी मागाया सांगा की वो. च्या दिला तर पित्यात, न्हाई दिला तर गप ऱ्हात्यात. परवा म्हस शिरली उसात, तर उठलंबी न्हाईत." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मामा परसात होते. ते बेडपॅन पुन्हा मातीनं भरलेलं, आणि त्यात हिरवीगार कोथिंबीर. मी शेजारी उकिडवा बसलो. बराच वेळ कोथिंबीर खुडून झाल्यावर ते म्हणाले, "जावईबापू, त्ये शेवटचं कलम मोडलं बगा."

"मोडलं, मामा."

"मग दावा कुनावर लावायचा?"

उभा जन्म मी कुणाच्या ना कुणाच्या वतीनं उत्तरं देण्यात घालवला. मामांनी जुडीला गवताची काडी बांधली आणि माझ्या हातात दिली. "आमटीत घाला. तिनं गाडग्यात राखल्यालं बी हाय." भांडं ह्या खेपेला नवंकोरं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या संध्याकाळी साताऱ्याला घरी आमटी झाली, आणि मी दोन वाट्या ओरपल्या.