रद्दीत घातलेल्या वह्या

पिंपरीचं घर सोडायच्या आदल्या दिवशी पप्पांनी शेजारच्यांकडून वजनकाटा मागून आणला आणि चारही बॅगा एकेक करून त्यावर चढवल्या. विमानाच्या हिशेबात दोन किलो जास्त भरत होते. कुकर काढायला मम्मी तयार नव्हती. निळ्या कोटातली तसबीर तर कुणी काढायची? शेवटी बाहेर निघाल्या त्या माझ्या धाकट्या बहिणीच्या, पनूच्या, पहिली-दुसरीच्या वह्या. पानापानावर लाल शाई.

"पप्पा, तिकडच्या शाळेत दाखवायला लागतील," मी म्हणाले.

"इथलं इथंच राहू दे. तिकडे कोरी पाटी."

दुपारी रद्दीवाला आला. मी तेरा वर्षांची होते, पनू सात. वह्या तराजूत पडल्या तेव्हा पनू टाळ्या वाजवत होती.

आत्या, तू दर रविवारी फोनवर विचारतेस, "पनूचं कसं चाललंय गं?" आणि आम्ही दर रविवारी "मस्त" म्हणतो. हे तुझ्यासाठी लिहितेय. आणि इथल्या त्या सगळ्या काका-काकूंसाठीही, जे पॉटलकला, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, पनूकडे बघून म्हणायचे, "धाकटी जरा लाजाळूच, नाही?" ती लाजाळू नव्हती. तिला समोरच्या पदार्थांवरच्या चिठ्ठ्या वाचता येत नव्हत्या.

तिचं पाळण्यातलं नाव प्रज्ञा. पप्पांनी केवढ्या हौसेनं ठेवलेलं. दोन अक्षरं, दोन्ही जोडाक्षरं. पहिलीत तिला तेच लिहिता येईना. कधी 'पज्ञा', कधी 'परदा', कधी नुसता 'प' आणि पुढे रेघोट्या. घ आणि ध तिला सारखेच दिसायचे, वेलांटी कुठल्या बाजूला द्यायची हे रोज नव्यानं ठरायचं. बाईंनी शेरा दिला, 'लक्ष नाही, आळशी.' हीच आळशी मुलगी जेवताना अर्धा तास न थांबता मनानं रचलेली गोष्ट सांगायची, अगदी आवाज काढून. शेरा लिहिणाऱ्यांनी ती कधी ऐकली नाही.

ऑकलंडपासून दीड-दोन तासांवरच्या हॅमिल्टनला आलो. पप्पांना 'ते रापा' नावाच्या भागातल्या दूध पावडरच्या कारखान्यात इंजिनिअरची नोकरी होती. शाळेच्या फॉर्मवर एक चौकट होती: मुलाला काही लर्निंग नीड्स आहेत का? पप्पांनी जोरात 'None' लिहिलं. "नीड्स म्हणजे गरजा ना? आपल्याला कुणाकडून काही नको." इतकं साधं, इतकं ताठ आणि इतकं चुकीचं.

इथल्या शाळेत लाल शाई नव्हती. मुलं जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून यायची, बाई गुडघ्यावर बसून मुलांशी बोलायच्या. पहिल्या वर्षी त्या म्हणाल्या, "शी जस्ट नीड्स टाइम. इंग्लिश इज हर सेकंड लँग्वेज." दुसऱ्या वर्षी दुसऱ्या बाई तेच म्हणाल्या. पाचव्या वर्षीही तेच. मी त्यांना वाईट म्हणत नाही, पण प्रेमानं केलेलं दुर्लक्षसुद्धा दुर्लक्षच असतं. तिकडे आळशी म्हणून सोडून दिली, इकडे परदेशी म्हणून.

आणि आपण काय केलं? घरात मराठी बंद केली. मम्मीनं फ्रिजवर चिठ्ठी लावली, 'ओन्ली इंग्लिश'. मम्मीचं स्वतःचं इंग्रजी तेव्हा भाजी आणि डॉक्टर एवढंच. त्यामुळे घरात बोलणंच कमी झालं. पनूच्या जेवतानाच्या गोष्टी थांबल्या. पोरीला वाचता येत नव्हतं, म्हणून आम्ही तिचं बोलणं काढून घेतलं. हा शहाणपणा करणारं घर आमचं एकटंच नव्हतं, हे मला आता माहीत आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या फ्रिजवर ती चिठ्ठी आजही आहे. काढा ती.

कारण प्रश्न खरं तर एकच विचारायचा होता. भाषा नवी म्हणून मूल वाचताना अडत असेल, तर ते आपल्या जुन्या भाषेत अडत नाही. दोन्हीकडे अडत असेल, तर ती इंग्रजीची अडचण नव्हे, वाचण्याचीच आहे. तिला नाव आहे, तिच्यावर शिकवण्याच्या पद्धती आहेत. पण आठ वर्षं शाळेनं विचारलं नाही, "मराठीत कशी वाचायची?" आणि आम्ही सांगितलं नाही.

मग ती इथल्या अकराव्या इयत्तेत गेली, आपल्याकडच्या दहावीच्या वयाची. तिथल्या इंग्रजीच्या बाईंच्या लक्षात आलं की ही मुलगी तोंडी उत्तर देते तेव्हा वर्ग गप्प बसून ऐकतो, आणि पेपर मात्र कोरा देते. त्यांनी तपासणी करणाऱ्या हेलनबाईंना गाठलं. अडचण सिद्ध झाली तर परीक्षेत प्रश्न वाचून दाखवायला एक माणूस आणि पनू बोलेल ते लिहायला एक माणूस मिळणार होता. नाहीतर पेपर कोरा, म्हणजे नापास. तपासणीला आईवडिलांची सही हवी होती, आणि सोबत एक माहितीचा फॉर्म. त्यात 'मातृभाषेतलं वाचन' यापुढे पप्पांनी लिहिलं, 'Excellent'. सही केलीच नाही.

"माझ्या पोरीला सवलत नको," ते म्हणाले.

मी तेव्हा वेलिंग्टनला शिकत होते. बस पकडून हॅमिल्टनला आले. 'सवलत' या एका शब्दाचा मला राग होता, आणि तो शब्द कुठून आला हेही ठाऊक होतं. कॉलेजच्या होस्टेलवर पप्पांना चार वर्षं ऐकवलं गेलं होतं, 'तुझं काय बाबा, तू सवलतीचा इंजिनिअर.' पहिल्या नंबरानं पास झाले तरी. मीही सहावीत असताना वर्गातल्या एकीकडून तेच ऐकून रडत घरी आले होते. तेव्हा पप्पांनी मला समोर बसवलं होतं. "सवलत म्हणायचं नाही. सवलत दुकानात मिळते. आपला तो हक्क."

तर मी किचनमध्ये उभी राहून त्यांना म्हणाले, "पप्पा, सवलत दुकानात मिळते."

 ते घासलेलं भांडं पुन्हा घासायला लागले. मग मी ओरडले, मग तेही ओरडले. मम्मी म्हणाली, "हळू गं, शेजारी ऐकतील." मी म्हणाले, "ऐकू देत, त्यांना कुठे मराठी कळतंय!"

दारात पनू उभी होती. "आय कॅन हिअर मराठी, यू नो," ती म्हणाली. "आय जस्ट कान्ट रीड इट."

पप्पांनी हात पुसले आणि सही केली. 'Excellent' मात्र तसंच ठेवलं.

शाळेतल्या मीटिंगला पप्पा, पनू आणि मी, असे तिघं गेलो. हेलनबाई "किया ओरा", म्हणजे इथला माओरी नमस्कार, म्हणाल्या, हात मिळवले, फॉर्म उघडला. चाचण्यांमध्ये अडचण दिसतेय, पण ती भाषेची की वाचनाची हे ठरत नाहीये, असं त्यांनी सांगितलं. मराठी वाचून घ्यावं तर सात वर्षांच्या वयानंतर पनूनं मराठीचं अक्षर पाहिलेलं नाही. मग त्यांनी सरळ पप्पांना विचारलं, "इथे एक्सलंट लिहिलंय. मराठीत ती छान वाचायची का?"

मी पप्पांकडे बघितलं नाही. मला भीती होती की ते हो म्हणतील.

"नो," पप्पा म्हणाले. "सेम. इन मराठी ऑल्सो." फॉर्मवरच्या नावाकडे बोट करून, "शी कुड नॉट राइट हर नेम. आय चोझ द नेम." आणि मग, "आय हॅड प्रूफ. नोटबुक्स. आय गेव्ह देम टू..." ते माझ्याकडे वळले. "रद्दीवाल्याला काय म्हणतात गं इंग्रजीत?"

मला आठवेना. इंग्रजीत भाषणं ठोकणारी मी, मला तो शब्द आठवेना.

"रीसायकलिंग, पप्पा," पनू म्हणाली. "जस्ट से रीसायकलिंग." ती हसत होती आणि नाक पुसत होती.

हेलनबाईंनी ते सगळं शब्दशः लिहून घेतलं. वह्या नव्हत्या, बापाचा शब्द होता. तो पुरला. परीक्षेत पनूला वाचणारा मिळाला, लिहिणारा मिळाला, आणि ती बोलली. पास झाली.

आज ती ऑकलंडला पेनरोजमध्ये इलेक्ट्रिशियनचं काम शिकतेय. मॅन्युअल फोनवर ऐकते आणि वायरिंग तिच्या डोक्यात चित्रासारखं बसतं. गोड शेवट म्हणून हे सांगत नाहीये. आठ वर्षं कुणी परत देत नाही. तिच्या जेवतानाच्या मराठी गोष्टी परत आल्या नाहीत. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि "स्वीट ॲज, ताई", म्हणजे सगळं मस्त, असं म्हणून फोन ठेवते.

मी वेलिंग्टनलाच राहिले. याच विषयावर पत्रकं लिहिते, वाटते, दारं ठोठावते. गेल्या महिन्यात मराठी पत्रक करायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. आपल्या सरकारी कागदांत शब्द आहे 'अध्ययन अक्षमता'. अक्षम कोण? पनू, की तिला आठ वर्षं न ओळखणारे आम्ही सगळे? पाच शब्द बदलले, चार पानं लिहिली आणि मोठ्या अभिमानानं पनूला पाठवली. तिचा व्हॉइस मेसेज आला: "ताई, हीप्स ऑफ वर्ड्स. फोर पेजेस, फॉर पीपल हू कान्ट रीड? सीरियसली?"

चार पानं फेकली. आता पप्पांच्या आवाजातलं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग आहे. ते म्हणतात, "माझ्या मुलीला वाचताना अडचण येते. मराठीतसुद्धा यायची. मला माहीत होतं." इतकी चांगली व्याख्या मला जमली नसती.

तेव्हा आत्या, येत्या रविवारी विचार, पनूचं कसं चाललंय. या वेळी खरं सांगू. घर पिंपरीत राहिलं की इथे आलं, यावर मी पूर्वी फार विचार करायचे. ज्या घरात 'मला जमत नाही' म्हणायची चोरी असते, ते चार बॅगांत भरून जगाच्या टोकाला नेलं तरी तसंच उघडतं. आमचं खरोखर उघडायला आठ वर्षं आणि एक मीटिंग लागली.

मागच्या सुट्टीत पनू हॅमिल्टनला आली होती. तिच्या टूलबॉक्सवर काळ्या मार्करनं मराठीत नाव होतं, तिनं स्वतः लिहिलेलं. 'प्र' बरोबर होता, 'ज्ञा' चुकला होता. पप्पांनी चष्मा लावून पाहिलं, त्या अक्षरावरून एकदा बोट फिरवलं, आणि टूलबॉक्स उचलून घरात, निळ्या कोटातल्या तसबिरीखाली नेऊन ठेवला.