जुना आजार: नाही

गल्लीत त्याला सगळे हप्तेभाऊ म्हणत. सव्वीस वर्षं तो आरोग्य विमा विकत होता आणि बाजारावर त्याचा भारी विश्वास. मोठी बहीण, ताई, इस्त्रीचं दुकान चालवायची. तिचा विमा सरकारी योजनेतला. अर्धा हप्ता सरकार भरायचं.

"फुकटाची सवय वाईट," तो तिला ऐकवायचा. "दवाखाना ठरलेला, रांग ठरलेली. चार कंपन्या आपसांत भांडतात, तेव्हा कुठे भाव उतरतो."

"सरकार मला दम्याचं विचारत नाही, बाबा. तुझी कंपनी विचारेल."

शेवटी धाकट्याचं मन मोडवेना म्हणून तिने योजना सोडली. फॉर्म त्यानेच इस्त्रीच्या टेबलावर भरला. 'जुना आजार' या रकान्यात दमा लिहिला असता तर हप्ता योजनेच्या दुप्पट झाला असता, आणि इतक्या वर्षांच्या बढाया मारून तो ताईसमोरच तोंडघशी पडला असता. त्याने 'नाही'वर खूण केली. ताईने चष्मा न लावताच सही ठोकली.

सोळा महिन्यांनी तिला धाप लागली. नऊ दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या पाहून कंपनीने आजार लपवला म्हणून बिल नाकारलं. योजनेची नवी नोंदणी सात महिन्यांवर होती, आणि तीही मागचं बिल भरणार नव्हतीच. दुकान विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

ताईने तक्रार केली, तेव्हा कंपनीने चौकशीला एक साहेब पाठवायचं ठरवलं. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी तो ताईच्या खाटेपाशी बसला होता.

"उद्या साहेबांना सांगते," ताई थांबत थांबत म्हणाली, "दम्याचं मी भावाला बोललेच नव्हते. तुझं लायसन्स तरी राहील."

"आणि दुकान?"

"बघू."

क्षणभर त्याला सुटल्यासारखं वाटलं. मग त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच इतकी शरम वाटली, की तिने पुढे केलेलं पाणी त्याने न पिताच खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ताईच्या आधी तोच बोलला. "तिने सांगितलं होतं, साहेब. मी लिहिलं नाही."

साहेबांनी ते दोनदा विचारून लिहून घेतलं. एजंटची लबाडी म्हणून बिल कंपनीने भरलं. त्याचं लायसन्स गेलं.

"आता खाणार काय?" ताईने विचारलं.

"इस्त्री शिकव."

"कॉलरी जाळशील लोकांच्या." मग म्हणाली, "शिकवीन. पण योजनेच्या रांगेत माझ्या जागी तू उभा राहायचं."

तो हो म्हणाला. तिच्याकडे पाहणं मात्र त्याला जमलं नाही.