कॅसेटवरची कोरी जागा

परवा भाचीने मोबाईलवर एक कथा ऐकवली. सांगणाऱ्या बाईचा आवाज छान, मागे सतार, दार करकरण्याचा आवाज, पावलं... सगळं अगदी जिथल्या तिथे. मी सवयीने मधूनमधून "हूं" म्हणत होते. भाचीला हसू आवरेना. "मावशी, ती बाई तुला ऐकत नाहीये गं!"

मग तिला काकांच्या कॅसेटबद्दल सांगावंच लागलं.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची वर्षं होती. आम्ही सेलूला राहायचो. आमचे काका गोष्टी सांगण्यात पटाईत. जिनिंगसमोर कापसाच्या गाड्या नंबरला लागल्या की गाडीवाले त्यांना घेरून बसायचे. नियम एकच... ऐकणाऱ्याने वाक्यागणिक "हूं" म्हणायचं. हुंकार थांबला की काका थांबले.

त्याच काकांच्या घशात गाठ निघाली. औरंगाबादच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशननंतर आवाज राहील याची खात्री नाही. तेवढ्यात तिकडे कर्फ्यू लागला आणि तारीख पुढे गेली.

काकू म्हणाल्या, "तवर ह्यांचा आवाज टेपात भरून ठिवा. न्हाईतर घर लय मुकं व्हईल."

टेपरेकॉर्डर शेजारच्या बापूंकडे होता. बापू एकदा कुठलंसं रेडिओ स्टेशन बघून आले होते, तेव्हापासून स्वतःला तिथले साहेबच समजायचे. त्यांनी भर दुपारी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, शेळीसुद्धा लांब नेऊन बांधली. आणखी एक टेप मागून आणून त्यावर बासरी लावली. का, तर गोष्टीला म्युझिक पाहिजे. आणि आम्हाला दम भरला, "तोंडातून आवाज काढायचा न्हाई कुणी!"

काका सुरू झाले. "एका गावात एक आंधळा घोडा होता..." आणि थांबले. आमच्याकडे बघितलं. आम्ही घामाघूम होऊन ओठ दाबून बसलेलो. अजून एक वाक्य कसंबसं बोलले, तेही अर्धं राहिलं.

"आरं, ऐकायलाव का कुणी? का मी भिताडाला सांगायलोय?"

बापूंनी ओठांवर बोट ठेवलं. काका गप्प झाले. बासरी आपली एकटीच वाजत राहिली. काकांना असं गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. उद्या आवाज गेला तर हे असंच दिसणार, या विचाराने मला भीतीच वाटली.

शेवटी काकू उठल्या. बासरी बंद केली आणि काकांच्या समोर येऊन बसल्या.

"हूं... मंग त्या घोड्याचं काय झालं?"

मग काय, गोष्ट धावत सुटली! आम्हीही हूं म्हणायला लागलो. थोड्या वेळाने बघते तर बापूंचाच हुंकार सगळ्यात मोठा. नंतर ते सुरुवातीचा भाग पुसायला निघाले होते, काकूंनी हात लावू दिला नाही. "ह्यांचा आवाज हाय त्याच्यात. राहू द्या."

ऑपरेशन झालं. काका वाचले, बोलणं मात्र गेलं. घशातून नुसती घरघर निघायची. बरेच दिवस कॅसेट लावायची कुणाची हिंमत झाली नाही. एका दुपारी काकूंनीच लावली.

बासरी. आंधळा घोडा. आणि काकांचा तो खणखणीत आवाज... "आरं, ऐकायलाव का कुणी? का मी भिताडाला सांगायलोय?"

पुढे टेपवर कुणीच बोलत नाही. काकूंनी पदर डोळ्यांना लावला होता.

तेवढ्यात बाजेवरून घोगरा आवाज आला. काकांचा.

"हूं."

नंतर मी खूप काही ऐकलं. नाटकं, श्रुतिका, आता हे मोबाईलवरचं. पण बापू पुसायला निघाले होते तेवढी जागा माझ्या कानातून गेली नाही. काकूंनी ती पुसू दिली नाही, हे त्यांचे आमच्यावर मोठे उपकार.