घोडीच्या तोंडातलं लोखंड

भट्टीजवळ बसणाऱ्याला दोन गोष्टी हमखास मिळतात: सदऱ्याला बारीक भोकं आणि सांगायला किस्से. सदरे मी केव्हाच टाकून दिले. किस्से मात्र जात नाहीत. एक सांगायला घेतला की दुसरा मागून ढोसायला लागतो.

आम्ही आंध्र प्रदेशात होतो आणि आदिलाबादेत अजून टांगे चालत, तेव्हाची गोष्ट. मी मराठी शाळेत सायन्स शिकवायचो. बदलीची ऑर्डर आज येते की उद्या, या धास्तीनं घरी बसवत नसे. मग टांगा स्टँडमागं किसनभाऊ लोहारांच्या दुकानात जाऊन बसायचो. भाऊ लगाम बनवायचे, म्हणजे घोड्याच्या तोंडात जाणारं लोखंड. त्यांनाही कुठं चैन होती? एकदा बनवलेलं मनाला पटायचं नाही, की पुन्हा भट्टीत.

*

लगाम तयार झाला की भाऊ तो जिभेला लावून बघत. लोखंडाची चव बिघडली असेल तर घोडा तोंड उघडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

इचोडा गावचा एकजण वरातीच्या घोडीसाठी लगाम न्यायला आला. भाऊंनी त्याच्यासमोरच तो चाटला आणि त्याच्या हातात दिला. माणूस भडकला. उष्टा लगाम नेणार नाही, दुसरा द्या म्हणाला. भाऊ आत गेले, तोच लगाम राखेनं घासला, धुतला, फडक्यानं लख्ख पुसला आणि बाहेर आले.

देता देता सवयीनं पुन्हा चाटला.

*

दुकानाच्या परवान्यासाठी भाऊंनी अर्ज केला. एका ऑफिसातले म्हणाले, काम लोखंडाचं आहे, पण वस्तू जाते घोड्याला, तर जनावरांच्या दवाखान्यात जा. दवाखान्यातले म्हणाले, आम्ही घोडा बघतो, लोखंड नाही. दर सोमवारी भाऊ दुकान बंद करून दोन्हीकडे फिरायचे. मीही सोबत जायचो, तेलुगू बोलायला.

एका सोमवारी भाऊंचा धीर संपला. त्यांनी मला विचारायला लावलं, "मंग घोड्याच्या तोंडातलं लोखंड कोनाचं?"

क्लार्कनं पेन खाली ठेवलं. बराच विचार केला.

"गुर्रानिदे," तो म्हणाला. घोड्याचंच.

*

त्या आठवड्यात वर्गात मी मिश्रधातूंचा धडा शिकवत होतो. त्याच भरात भाऊंना म्हणालो, साधं लोखंड गंजतं, तुम्ही स्टेनलेसचा लगाम काऊन नाही बनवत? भाऊंना तेवढंच निमित्त पुरलं. इचोड्याच्या एका ट्रक गॅरेजमधून त्यांनी सळई आणली आणि दोन दिवस घाम गाळून लगाम केला. आरशासारखा चमकत होता. टांगेवाल्या हुसेनचाचांच्या शहजादीला तो घातला.

शहजादी अगोदरच बेचैन घोडी. आता तर ती सारखी मान झटकू लागली. तोंड कोरडं पडलं, नेहमीचा फेस येईना. दोन वेळा टांगा नालीत जाता जाता वाचला. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, साध्या लोखंडाचा गंज घोड्याला गोडसर लागतो, त्यानं लाळ सुटते आणि तोंड नरम राहतं. स्टेनलेसला चवच नाही. तांबं असलं तर आणखी चांगलं.

भाऊ माझ्याकडं वळले. "गुरुजी, तुमी पोरायले शिकवा. घोड्याले नका शिकवू."

*

डॉक्टरांचा 'तांबं' हा शब्द भाऊंच्या डोक्यात बसला. तीन-चार दिवसांत शहजादीच्या जुन्या लगामाला तांब्याच्या पट्टीचा वेढा आला. घोडी मजेत लाळ गाळत लगाम चघळू लागली. इकडे भाऊंच्या घरचा पाण्याचा गडवा मात्र सापडेना.

वहिनी सरळ टांगा स्टँडवर आल्या. शहजादीचा ओठ वर करून त्यांनी पाहिलं. गडव्यावर त्यांच्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं, आणि भाऊंनी घाईत पट्टी नेमकी तिथूनच कापली होती. वहिनींनी ते अक्षर अक्षर वाचलं. भाऊ टांग्याआड उभे.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या तोंडात तं माह्या बापाचं नाव कधी नीट आलं नाही. घोडीच्या तोंडात तरी राह्यलं."

*

वर्षभरात ती पट्टी झिजली. एका भंगारवाल्यानं जर्मन सिल्व्हर म्हणून पांढरा धातू दिला होता. भाऊंनी तो वितळवून लगामावर चढवला. जरा नरम वाटला, पण चाचांना मावला गावचं भाडं होतं, ते निघून गेले. शाळा सुटल्यावर मी आलो आणि उरलेला तुकडा सहज कागदावर ओढला. पेन्सिलीसारखी काळी रेघ उठली.

त्यात शिसं होतं, म्हणजे विष.

दोन तासांत घोडी मरत नसते, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी सरळ सायकल काढली. भाऊंना सायकलवर मागं बसवून मी मावल्यापर्यंत पायडल मारले. चाचा तिथंच होते. भाऊंनी शहजादीच्या तोंडातून लगाम काढला, तिचं तोंड तीनदा धुतलं आणि लगाम दगडानं ठेचून टाकला, पुन्हा कोणी घालू नये म्हणून.

तेवढ्यात एक म्हातारी धावत आली. सुनेला कळा सुटल्या होत्या, बस निघून गेली होती. चाचा म्हणाले, बिना लगामाची घोडी, आणि तीही ही. मी नेणार नाही. सून रस्त्याकडेला बसून ओरडत होती. भाऊंनी तिला उचलून टांग्यात ठेवलं, म्हातारी चढली, चाचाही नाइलाजानं वर बसले आणि भाऊ घोडीच्या गालाचा पट्टा धरून पळू लागले. मी सायकलवर मागं.

निम्म्या वाटेत भाऊंचा दम उखडला. पट्टा हातातून सुटला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा शहजादी आपली आपणच चालली होती. मान स्थिर, एका चालीनं, ट्रकला बाजू देत. आदिलाबादेत सरकारी दवाखान्याच्या फाटकापाशी चाचांनी नुसतं "होऽ होऽ" केलं आणि ती थांबली. सुनेला आत नेलं. थोड्या वेळानं म्हातारी बाहेर आली, पोरगी झाली म्हणाली, दोघी चांगल्या आहेत.

भाऊ धापा टाकत पोचले. चाचा घोडीकडं बघत उभे होते. त्यांनी विचारलं,

"किसन, तो बीस साल से तू बना क्या रहा था रे?"