पुसलेल्या लॅपटॉपमध्ये उरलेलं घड्याळ

मंडळी, जुना लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर सगळं पुसून टाकण्याआधी त्याची माहिती कुठेतरी लिहून ठेवा. मला हे सुचलं नाही.

आज सकाळी अम्मीला घेऊन पावसहून रत्नागिरीला दुकानात गेले. दुकानदारांनी विचारलं, रॅम किती, हार्ड डिस्क किती. मला काहीच सांगता येईना. खालचं स्टिकर झिजलेलं, आणि आतलं सगळं मी आधीच पुसल्यामुळे चालू केला तर नुसता काळा स्क्रीन.

"असू दे," ते म्हणाले. लॅपटॉप बंद करून परत चालू केला आणि लगेच एफ-टूचं बटण दाबत राहिले. निळा स्क्रीन आला. प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, सगळं तिथे होतं. ही माहिती मशीनच्या आतच असते म्हणे, आपण काही पुसलं तरी जात नाही.

मग म्हणाले, "घड्याळ दीड तास मागे आहे. आतला सेल गेला वाटतं."

"सेल नाय गेला," अम्मी म्हणाली. "तो दुबईचा टायम आहे. माझा सलीम तिकडे असतो."

खरंच. सलीमभाईने तो लॅपटॉप तिकडूनच आणला होता आणि घड्याळ आम्ही कधी बदललंच नाही. त्याची ड्युटी सुटली का, हे अम्मी त्यावरच बघायची आणि मग फोन लावायची.

आता नवा लॅपटॉप घरी आलाय. छान आहे. अम्मीने हात पुसून तो उघडला, कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं आणि मला विचारलं, "यात सलीमचे किती वाजले?"

तुमच्या घरी कुणाच्या वेळेचं घड्याळ चालतं?