कपबशांच्या दुकानाचा मालक

गोरखपूरच्या बाजारात कपबशांचं एक दुकान आहे. मालकाचं नाव मला ठाऊक नाही, पण त्याच्यावर माझा पहिल्या दिवसापासून संशय. दुकानातल्या मुली गाणं गुणगुणत काम करायच्या आणि हा गल्ल्यावर बसून मान डोलवायचा. नोकरांशी इतकं गोड कोण वागतं?

एकदा माझ्यासमोरच एका मुलीच्या हातून अख्खा टी-सेट पडला. तिचा चेहरा पांढराफटक. मालकानं पायातल्या चपला काढून तिच्याकडे सरकवल्या. "पहले पहन ले, बेटा. पाय कापेल." एवढंच बोलला आणि झाडू आणायला गेला.

मला वाटलं, हे गिऱ्हाइकासमोरचं नाटक. मी गेलो की पगार कापून तिला हाकलणार. म्हणून मी माझी पिशवी मुद्दाम काउंटरवर ठेवून निघालो आणि थोड्या वेळानं परतलो. आत सगळे मिळून पोहे खात होते. तीही खात होती, त्याच्याच चपला घालून.

पिशवी देताना तो हळूच म्हणाला, "मुद्दाम ठेवली ना, काका? काहून लाजून राहिले? ही नवीन लागली तेव्हा तिची आईपण रोज छत्री विसरायची."

मी पिशवी घेऊन घरी आलो. तरी आठवड्यानं पुन्हा गेलोच, कप घ्यायच्या निमित्तानं. पायरी चढतो न चढतो तोच तीच मुलगी आतून म्हणाली,

"मी आहे इथंच, काका. आता कप दाखवू?"