चाळीस पाने आणि जानू नाखवा

कल्याणच्या स्टेशनात आगगाडी मला सोडून गेली, ती इंग्रजीमुळेच. मुंबईच्या कॉलेजात माझे पहिले वर्ष. लिहिण्यावाचण्यात कसाबसा निभावत होतो, पण बोलायची वेळ आली की एक वाक्य धड जुळत नसे. अखेर प्रोफेसरसाहेबांनी बजावले, "सुटीत मी ठाण्याला स्नेह्याच्या बंगल्यावर आहे. सोमवारी चारच्या आत ये. माझ्याशी धड बोललास तर परीक्षेला बसवीन." नाहीतर कॉलेज बंद आणि वडिलांबरोबर भिक्षुकी, हे घरी ठरलेलेच होते.

म्हणून मी इंग्रजी निबंधांची चाळीस पाने पाठ केली. पाठांतराची रीत वडिलांचीच: मध्ये तुटले की पुन्हा आरंभापासून. सोमवारी निघण्यापूर्वी एकदा म्हणायला बसलो, तर सदतिसाव्या पानावर आईने विचारले, "दशम्या दोन बांधू की चार?" झाले! मी परत पहिल्या पानावर. स्टेशनात पोचलो तेव्हा नुसता धूर उरला होता.

पुढची गाडी संध्याकाळी. तसाच बंदरावर धावलो. जानू नाखवा (होडीचा मालक) भाताची पोती घेऊन ठाण्याला निघाला होता.

"बसा भटजी. ओहोटीसंगं दुपारला ठान्याला लावतो."

दोन्ही काठांना तिवरांची झाडी, पलीकडे पारसिकचा डोंगर, पुढे मिठागरांतले पांढरे ढीग. देखावा सुरेख असावा. मी डोळे मिटून पुटपुटत होतो. जानूने भाकरी-सुकटीची शिदोरी सोडली, मग माझ्याकडे पाहून पाठ फिरवून बसला. मी त्याला एक दशमी दिली.

मिठाच्या जकातनाक्यावर होडी अडवली. अंमलदार नवा, गोरा. त्याचा दुभाषी कारकून तापाने घरी. पोत्यांखाली चोरटे मीठ असेल या संशयाने साहेबाने खुणेनेच सांगितले, सगळी पोती उतरवा.

जानू माझ्याकडे वळला. "भटजी, तुमाला इंग्रेजी येतं ना? सायबाला सांगा, पानी उतारतंय. होरी (होडी) चिखलान बसंल."

मी उभा राहिलो आणि पहिल्या पानावरच्या घोड्याच्या निबंधाला सुरुवात केली. तोंडातून दुसरे काही निघेचना. साहेबाने हात वर करून थांबवले, तसा मी पुन्हा पहिल्या वाक्यापासून. असे तीनदा झाले.

"येवरा बोललाव, आन सायब तसाच उबा?" जानूने विचारले.

लाजेने मेल्याहून मेल्यासारखे झाले. समोर पाणी झपाझप उतरत होते. मी बोट दाखवून ओरडलो, "वॉटर गो! बोट नो गो! नो सॉल्ट! राइस!" साहेबाने ओसरत्या पाण्याकडे पाहिले. मग त्याने चार पोत्यांत गज खुपसून पाहिला आणि जायची खूण केली.

तरी ठाण्याच्या धक्क्याअलीकडे होडी चिखलात रुतलीच. गुडघाभर चिखल तुडवत बंगल्यावर पोचलो. चारला थोडेच उरले होते. प्रोफेसरसाहेबांनी माझे पाय पाहून इंग्रजीत विचारले, "हे काय?"

चाळीस पानांत चिखल कुठेच नव्हता. सुचेल तसे सांगू लागलो: होडी, जानू, नाका, मीठ. साहेबांनी दोनदा चूक सुधारली. मी मध्ये तुटलो, आणि तुटलो तिथूनच पुढे गेलो. घोडा आठवलादेखील नाही. साहेब म्हणाले, "फार चुकतोस. परीक्षेला बस."

भरती लागल्यावर जानूबरोबरच परतलो.

"काय सांगितलाव बंगल्यावरच्या सायबाला?"

"नाखवा, तुझेच सांगितले."

"माजा नाव घेतलाव? इंग्रेजीन?"

"घेतले की."

सुकाणू मांडीखाली दाबून त्याने डोक्याचे मुंडासे सोडले आणि नीट बांधले.

परीक्षेची धास्ती अजून आहेच. पण त्या चाळीस पानांत माझ्या ओळखीचे एकही माणूस नव्हते. आता माझ्या इंग्रजीत एक आहे.